पदकाआधीचा खर्च कोणाचा?

३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझाऊ इथे, आशियाई क्रीडा स्पर्धेत, मूळच्या श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. चिनी तैपेईच्या जोडीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गेला, दुसरा ६-३ असा जिंकला आणि निर्णायक सुपर टायब्रेक १०-४ असा संपला. राज्यभर तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्यानंतर महिला टेनिसची जी जागतिक क्रमवारी जाहीर झाली, तीत या सुवर्णपदकामुळे ऋतुजाच्या खात्यात एकही गुण जमा झाला नाही.

यात कोणी अन्याय केला असे नाही. आशियाई स्पर्धा देशादेशांमधली असते. व्यावसायिक टेनिसचा कारभार वेगळ्या संस्था पाहतात आणि क्रमवारीचे गुण व बक्षिसाची रक्कम फक्त त्यांच्या स्पर्धांत मिळते. पदकानंतर ऋतुजाने दिलेल्या मुलाखतींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. मधल्या काळात खेळ सोडून द्यावा असे तिला वाटले होते आणि नवरा, महाराष्ट्राचा क्रिकेटपटू स्वप्नील गुगळे याने तिला धीर दिला होता. बातम्यांनी या गोष्टीतली माया टिपली. सुवर्णपदकाच्या इतक्या जवळ आलेल्या खेळाडूला खेळ सोडावासा का वाटतो, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. त्याचे उत्तर मनोबलाइतकेच हिशेबाच्या वहीत आहे.

महिलांच्या वरच्या स्तरावरच्या स्पर्धा डब्ल्यूटीए ही खेळाडूंची आणि स्पर्धांची मिळून असलेली संघटना चालवते. टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या पुढाकाराने ती १९७३ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. त्याखालच्या स्पर्धा आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, भरवतो. क्रमवारी एकच. मागच्या ५२ आठवड्यांत खेळाडूने मिळवलेले गुण मोजले जातात आणि एकेरीत त्यांतले सर्वोत्तम १८ निकाल धरले जातात. ५३व्या आठवड्यात जुने गुण गळून पडतात. गेल्या मार्चमधली कमाई या मार्चमध्ये पुन्हा करावी लागते, नाहीतर क्रमांक घसरतो. पाय मुरगळला, व्हिसा वेळेत मिळाला नाही किंवा घरात कोणी आजारी पडले, तरी घड्याळ थांबत नाही.

आता खालच्या स्पर्धा पाहू. त्यांची नावे डब्ल्यू१५, डब्ल्यू३५, डब्ल्यू५०, डब्ल्यू७५ आणि डब्ल्यू१०० अशी आहेत आणि हा आकडा एकेरीच्या विजेतीला मिळणारे गुण सांगतो. डब्ल्यू१५ जिंकली की १५ गुण. समजा एखाद्या मुलीने वर्षभरात अशा तब्बल १८ स्पर्धा जिंकल्या, एकदाही हरली नाही, तरी तिचे गुण होतील २७०. अडीचशेच्या आसपासचा क्रमांक मिळवायला साधारण तीनशेच्या घरात गुण लागतात. म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवर अजिंक्य राहूनही अडीचशेचा टप्पा हाती लागत नाही. वरच्या पातळीवर जावेच लागते. पण तिथे प्रवेश क्रमवारीवरूनच मिळतो.

पैशाचे गणित याहून कठोर आहे. डब्ल्यू१५ स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५ हजार डॉलर. ती सगळ्यांत वाटली गेल्यावर एकेरीच्या विजेतीच्या हाती दोन हजार डॉलरपेक्षा थोडे अधिक पडतात. पहिल्या फेरीत हरणारीला दोनशे डॉलरही मिळत नाहीत. मुख्य फेरीच्या आधी जी पात्रता फेरी असते, जिला खेळाडू क्वालिफाइंग म्हणतात, तीत हरणाऱ्यांना काहीच नाही. या रकमेतून यजमान देशाचा कर आधीच कापला जातो. उरलेल्या पैशांत विमानाचे तिकीट, आठवड्याचे हॉटेल, जेवण, रॅकेटचे गटिंग म्हणजे तारांची बांधणी आणि व्हिसाचे शुल्क बसवायचे. प्रशिक्षक सोबत न्यायचा विचारही यात बसत नाही. त्यामुळे या पातळीवरच्या बहुतेक मुली एकट्याच फिरतात, नाहीतर सोबत आई किंवा वडील असतात.

हा नुसता अंदाज नाही. आयटीएफने २०१३ सालच्या आकड्यांवरून आपल्याच स्पर्धांचा आढावा घेतला होता. व्यावसायिक स्पर्धांत खेळणाऱ्या सुमारे १४ हजार स्त्री-पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांनी त्या वर्षी बक्षिसाचा एक डॉलरही मिळवला नव्हता. वर्षभर खेळायचा सरासरी खर्च, प्रशिक्षक सोडून, महिलांसाठी ४०,१८० डॉलर निघाला. तेव्हाच्या दराने हे सुमारे २३ लाख रुपये होतात. बक्षिसाच्या रकमेतून हा खर्च जेमतेम भरून निघावा यासाठी महिलेचा क्रमांक २५३ च्या आत असणे आवश्यक होते. पुरुषांसाठी हाच आकडा ३३६ होता.

अडीचशेच्याच आसपास तोटा का थांबावा, याला कारण आहे. ग्रँड स्लॅम म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धा. त्यांच्या एकेरीच्या मुख्य फेरीत १२८ जणी खेळतात आणि त्यांपैकी १०४ जणींना थेट क्रमवारीवर प्रवेश असतो. पुढच्या शंभर-सव्वाशे क्रमांकांना पात्रता फेरीत जागा मिळते. तिथली शेवटची जागा साधारण अडीचशेच्या अलीकडेच संपते. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये पात्रता फेरीचा पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूला १५,५०० पौंड मिळाले, म्हणजे अंदाजे १८ लाख रुपये. मुख्य फेरीचा पहिला सामना हरणाऱ्या खेळाडूला ६६,००० पौंड, म्हणजे ७५ लाखांच्या आसपास. अशा चार स्पर्धांत नुसते खेळायला मिळाले, तरी वर्ष निघून जाते. अडीचशेच्या बाहेर हे दारच नाही. त्यामुळे क्रमवारीतल्या २४०व्या आणि २८०व्या खेळाडूंच्या खेळात फारसा फरक नसताना कमाईत मात्र प्रचंड दरी असते. चारही ग्रँड स्लॅममध्ये २००७ पासून स्त्री-पुरुषांना समान बक्षीस मिळते, याचा योग्य गाजावाजा होतो. पण ती समानता या दाराच्या आतली आहे.

साधारण अठराव्या वर्षी ज्युनिअर स्पर्धा संपतात. तिथपासून अडीचशेच्या आत येईपर्यंतचा काळ, जो अनेकींचा चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत लांबतो, तोच या पेशातला खरा अवघड काळ. याच काळात सोबतच्या मैत्रिणींचे शिक्षण संपून नोकऱ्या लागतात, घरात लग्नाचा विषय निघतो आणि वडिलांची बचत आटत जाते. या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातल्या खेळाडूंकडे पाहिले, तर त्या कशा टिकल्या ते समजते.

सुरुवात अर्थात पैशाचा प्रश्नच नसलेल्या काळात झाली. १९३४ मध्ये मुंबईच्या लीला राव यांनी विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकला. तिथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या आई म्हणजे संस्कृतमधून लिहिणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव आणि आजोबा वेदविद्येचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित. विद्या आणि सुबत्ता दोन्ही असलेल्या घरातून ही मुलगी समुद्रापार खेळायला गेली. टेनिस तेव्हा हौशी खेळाडूंचे होते आणि बक्षिसाची रक्कम घेणे नियमातच बसत नव्हते. १९६८ पासून व्यावसायिक खेळाडूंनाही मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या. त्यानंतरच्या काळात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला निरुपमा वैद्यनाथन, तेही १९९८ मध्ये. पुढे सानिया मिर्झा आली. तिचा जन्म मुंबईचा, घडण हैदराबादची. २००७ मध्ये ती एकेरीत २७व्या क्रमांकावर आणि एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत पहिल्या क्रमांकावर पोचली. तिने एकेरी थांबवल्यानंतर २०२५ अखेरपर्यंत एकही भारतीय महिला एकेरीत पहिल्या शंभरात आलेली नाही.

शंभराच्या सर्वांत जवळ गेलेल्यांपैकी एक अंकिता रैना. ती अहमदाबादची, पण तिचे टेनिस पुण्याचे. २००७ च्या सुमारास, चौदाव्या वर्षी ती पुण्यात आली आणि हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकू लागली. मुलीच्या टेनिससाठी कुटुंबाने गावच बदलले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने एकेरीचे कांस्यपदक मिळवले. मार्च २०२० मध्ये ती एकेरीत १६०व्या क्रमांकावर होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात कमिला राखिमोव्हाच्या साथीने तिने डब्ल्यूटीएचे दुहेरीचे विजेतेपद जिंकले आणि दुहेरीत पहिल्या शंभरात प्रवेश केला. केंद्राच्या टॉप्स योजनेचा आधार तिला मिळाला. ऑलिंपिक पदकाची शक्यता असलेल्या खेळाडूंना मदत करणारी ही योजना. पण ती मिळाली जकार्ताच्या पदकानंतर, वयाच्या पंचविशीत. त्याआधीची दहा-अकरा वर्षे घरच्यांनी, प्रशिक्षकांनी आणि मिळेल त्या प्रायोजकांनी सांभाळली.

ऋतुजाने दुसरा मार्ग घेतला. २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी ती फेड कप या सांघिक स्पर्धेसाठी भारताच्या संघात होती. पण पूर्णवेळ स्पर्धांच्या मागे न लागता २०१४ मध्ये ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला आणि विद्यापीठाच्या संघातून खेळायला गेली. अमेरिकी विद्यापीठांची क्रीडा शिष्यवृत्ती घराचा भार हलका करते. शिक्षण, राहणे, प्रशिक्षक, फिजिओ, सामन्यांचा प्रवास या सगळ्याची सोय तिथे होते. किंमत एवढीच, की त्या तीन-चार वर्षांत क्रमवारीचे गुण फारसे जमत नाहीत. परतल्यावर जवळजवळ शून्यापासून सुरुवात करावी लागते. २०१७ नंतर ऋतुजाने ती केली. आपल्याकडे या मार्गाला अजूनही खेळ सोडून दिल्यासारखे मानले जाते. ते चूक आहे. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीसाठी हा बहुधा सर्वांत शहाणा मार्ग आहे.

तिसरे नाव प्रार्थना ठोंबरेचे, आणि तिची वाटचाल तिघींत सर्वांत अनपेक्षित. ती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. बार्शी म्हटले की भगवंताचे देऊळ आणि डाळींची बाजारपेठ आठवते, टेनिस नाही. तिथून निघून ती पुढे हैदराबादला सानियाच्या अकादमीत गेली. २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत दोघींनी दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानियाची जोडीदार म्हणून प्रार्थना उतरली. दुहेरीत पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूला जोडीदार निवडण्याची मुभा असते, त्या नियमाने ही संधी आली. चीनच्या जोडीविरुद्धचा पहिल्या फेरीचा तो सामना त्यांनी तिसऱ्या सेटमध्ये ५-७ असा गमावला. इतक्या अटीतटीने हरलेला सामना आपल्याकडे लगेच विसरला जातो. बार्शीची एक मुलगी ऑलिंपिकच्या कोर्टवर तीन सेट झुंजली, ही गोष्ट सोलापूर जिल्ह्याबाहेर आज किती जणांना आठवते, देव जाणे.

ऋतुजा आणि प्रार्थना दोघीही प्रामुख्याने दुहेरीसाठी ओळखल्या जातात, हा योगायोग नाही. दुहेरीत ताकदीपेक्षा नेटजवळची चपळाई, सर्व्हिसनंतरच्या हालचालीतला अंदाज आणि जोडीदाराशी जुळणे यांना महत्त्व येते. शरीराची झीजही कमी होते. एकेरीत अडीचशेच्या बाहेर राहिलेली खेळाडू दुहेरीत दीडशेच्या आत पोचू शकते. पण खालच्या पातळीवर दुहेरीचे बक्षीस तुटपुंजे असते. डब्ल्यू१५ मध्ये दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून हजार डॉलरच्या आसपास रक्कम मिळते आणि ती दोघींत वाटायची. दुहेरीने कारकीर्द लांबते, खर्च भागत नाही.

इथे जर्मनीकडे पाहणे उपयोगी ठरेल. तात्याना मारिया ही जर्मन खेळाडू कधीच पहिल्या पाचांत नव्हती. कारकिर्दीतला बराच काळ तिचा क्रमांक शंभराच्या मागेपुढेच राहिला. २००८ मध्ये तिच्या फुप्फुसांत रक्ताच्या गाठी झाल्या आणि जीवावर बेतले. पुढे दोन मुली झाल्या. २०२२ मध्ये, १०३वा क्रमांक असताना ती विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेली. जून २०२५ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा तिने पात्रता फेरीपासून सुरुवात करून जिंकली. तेव्हा ती ३७ वर्षांची होती. मुख्य फेरीत तिने मुखोव्हा, रिबाकिना, मॅडिसन कीज आणि अनिसिमोव्हा या नामवंत खेळाडूंना हरवले. प्रशिक्षक म्हणून नवरा सोबत असतो, मुली सोबत फिरतात.

तिच्या चिकाटीचे मोल कमी लेखायचे कारण नाही. पण ही चिकाटी ज्या जमिनीवर उभी आहे तीही पाहायला हवी. जर्मनीत साडेआठ हजारांहून अधिक टेनिस क्लब आहेत आणि त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची सदस्यसंख्या १४-१५ लाखांच्या घरात आहे. उन्हाळ्यात क्लबांच्या सांघिक लीग भरतात. सर्वांत वरची बुंडेसलिगा आणि तिच्याखाली कितीतरी श्रेणी. दोनशे किंवा चारशे क्रमांकाच्या खेळाडूला क्लब त्या सामन्यांसाठी मानधन देतो. हरली तरी ते मिळते. त्यातून पुढच्या काही आठवड्यांचा प्रवास सुटतो. शिवाय जर्मन मुलगी गाडीत रॅकेट टाकून शेजारच्या चार देशांतल्या स्पर्धा खेळून येते. आपल्याकडची मुलगी त्याच गुणांसाठी तुर्कस्तानातले अंताल्या किंवा ट्युनिशियातले मोनास्तीर गाठते. तिथे जवळजवळ वर्षभर दर आठवड्याला डब्ल्यू१५ स्पर्धा असतात. एकदा गेले की विमानाचे भाडे वसूल व्हावे म्हणून तीन-चार आठवडे मुक्काम करायचा. थकवा आला, सूर हरवला तरी परत यायचे नाही, कारण तिकीट महिन्याने परतीचे आहे.

म्हणून घरच्या भूमीवरच्या स्पर्धा महत्त्वाच्या. महाराष्ट्राने याबाबत पुष्कळ केले आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा अनेक वर्षे भरते. नवी मुंबई आणि सोलापूर इथेही अशा स्पर्धा झाल्या आहेत. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात २०१२ मध्ये डब्ल्यूटीएची स्पर्धा झाली आणि ती १८ वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने जिंकली. २०१७ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर १९ वर्षांच्या आरिना सबालेंकाने विजेतेपद मिळवले. पुढे स्वितोलिना जगात तिसरी आणि सबालेंका पहिली झाली. आपल्या कोर्टांवर त्यांना वर चढायची पायरी मिळाली.

त्याच स्पर्धांत आपल्या खेळाडूंना वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी नसतानाही आयोजकांच्या अधिकारातला थेट प्रवेश, मिळतो. ऐकायला चांगले वाटते. पण पाचशेव्या क्रमांकाची मुलगी शंभराव्या क्रमांकासमोर उभी राहिली, तर बहुतेकदा पहिल्याच फेरीत हरते आणि एक गुण घेऊन घरी जाते. तिला त्या आठवड्यात डब्ल्यू३५ मध्ये खेळून दोन-तीन सामने जिंकायला मिळाले असते, तर जास्त उपयोग झाला असता. मोठ्या स्पर्धेचे फोटो छापून येतात, मंत्री बक्षीस द्यायला येतात. खेळाडू घडतात त्या मात्र रिकाम्या गॅलरीसमोरच्या छोट्या स्पर्धांत. पुरुषांची एटीपी स्पर्धा २०१८ ते २०२३ या काळात पुण्यात होती आणि तिच्यामागे राज्य सरकारही उभे होते. महिलांच्या छोट्या स्पर्धांची मालिका तेवढ्या पैशांत किती वर्षे चालली असती, याचा हिशेब एकदा मांडून पाहायला हवा.

गुणवत्तेची वानवा आहे म्हणावे, तर तसे दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन-ऱ्हूर भागात झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या वैष्णवी आडकरने एकेरीचे कांस्यपदक जिंकले. १९७९ मध्ये पुण्याच्याच नंदन बाळ यांनी रौप्यपदक मिळवले होते, त्यानंतर या स्पर्धेत टेनिसमध्ये भारताला मिळालेले हे पहिले पदक. त्याआधी एप्रिलमध्ये बालेवाडीतच भारताच्या महिला संघाने बिली जीन किंग कप (पूर्वीचा फेड कप) या सांघिक स्पर्धेच्या आशिया-ओशनिया गटातून पुढच्या फेरीत प्रवेश मिळवला. त्या संघात अंकिता आणि प्रार्थना दोघीही होत्या.

आता पुण्या-मुंबईच्या बाहेर या. पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी आपटा आहे, रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे लहानसे स्टेशन. सिनेमावाल्यांना ते चांगले ठाऊक आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवटचा गाडीचा प्रसंग इथलाच. आता जवळच नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळही सुरू झाला आहे. अशा गावातल्या मुलीने कबड्डी किंवा खो-खो खेळायचे ठरवले, तर शाळेचे मैदान आणि क्रीडाशिक्षक पुरतात. तिने टेनिस निवडले, तर रोज पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागेल. कोर्ट बहुधा एखाद्या क्लबचे, अकादमीचे नाहीतर गृहसंकुलाचे असेल. त्याचे मासिक शुल्क, चेंडू, बूट, रॅकेट आणि दुपारच्या गाडीने सोबत जायला घरातले एक माणूस, एवढ्या गोष्टी जमल्या, तर तिची सुरुवात होईल. बार्शीहून प्रार्थना आली म्हणून आपट्याहूनही कोणी येईल, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रार्थना आली ती व्यवस्थेमुळे नव्हे, व्यवस्था नसताना.

राज्य सरकार खेळावर खर्च करत नाही, असा आरोप करता येणार नाही. हांगझाऊच्या वेळी आशियाई सुवर्णपदकाचे बक्षीस वाढवून एक कोटी रुपये केले गेले. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे आणि मोठे पदक मिळवणाऱ्यांना थेट वरच्या पदावर नेमल्याची उदाहरणे आहेत. ऑलिंपिकवर नजर ठेवून ‘मिशन लक्ष्यवेध’ आखले आहे. या सगळ्याचा कल एकाच बाजूला आहे. पैसा पदकानंतर येतो. कुस्ती किंवा नेमबाजीत निदान राष्ट्रीय शिबिरे, लष्कर आणि रेल्वेचे संघ मधली वर्षे सांभाळतात. टेनिसमध्ये खेळाडू स्वतःच एक छोटा व्यवसाय असतो आणि पहिली सहा-सात वर्षे तो तोट्यात चालतो. एक कोटी ही रक्कम अशा तीन-चार मुलींचा प्रत्येकी एका वर्षाचा खर्च आहे. ती एकीला, तिचा तोटा सोसून झाल्यावर, एकदम दिली जाते. ऋतुजाला मिळालेल्या कौतुकाबद्दल ही तक्रार नाही. ती थांबली असती, तर त्या कोटीचा प्रश्नच आला नसता, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे तोट्याच्या वर्षांतच अशा मुलींना सरकारी मदत देणे. त्यावर, टेनिस हा श्रीमंतांचा खेळ, त्याला सार्वजनिक पैसा कशाला, असा आक्षेप येईल. तो अगदीच खोटा नाही. पण सार्वजनिक पैसा नसल्यामुळेच तो श्रीमंतांपुरता उरला आहे, हेही तितकेच खरे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. दहा मुलींना मदत केली, तर आठ जणी अडीचशेच्या आत पोचणार नाहीत, मग त्या पैशाचे काय? हा धोका आहेच आणि तो लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मदतीला अटी हव्यात. वर्षाला ठरावीक आठवडे प्रत्यक्ष स्पर्धा खेळल्याचा पुरावा, क्रमवारीत दर वर्षी पुढे सरकण्याची अपेक्षा, चार वर्षांची मुदत. त्यात बारावीनंतरचे शिक्षण सुटणार नाही याची तजवीज असावी. अमेरिकी विद्यापीठात जाणाऱ्या मुलीला तिकिटापुरती मदत केली, तरी सरकारचा भार कितीतरी कमी होतो. आणि जी ग्रँड स्लॅमच्या बक्षिसापर्यंत पोचेल, तिने मिळालेल्या मदतीचा काही भाग त्या बक्षिसातून परत करावा, म्हणजे तो पुढच्या मुलीच्या कामी येईल. यात दान काही नाही. धंद्याला भांडवल देताना कोणतीही बँक इतके तरी पाहतेच.

दुसरे काम महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना आणि सरकार यांनी मिळून करायचे. मोठ्या स्पर्धेच्या मोहाऐवजी थंडीच्या महिन्यांत पुणे, नवी मुंबई, सोलापूर, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांत सलग सहा-आठ आठवडे महिलांच्या डब्ल्यू१५ आणि डब्ल्यू३५ स्पर्धा भरवाव्यात. राज्यातल्या मुलींना बसच्या भाड्यात अंताल्याइतके गुण मिळतील. परदेशी मुलीही येतील, त्यांचे येणे चांगलेच, कारण त्यांच्याशी खेळल्याशिवाय क्रमांक सुधारत नाही. तिसरे, जिल्हा क्रीडा संकुलांत निदान दोन हार्ड कोर्ट आणि पगारी प्रशिक्षक असावा. कोर्ट बांधणे सोपे, प्रशिक्षकाचा पगार दर वर्षी देणे कठीण. आजवर बहुतेक ठिकाणी पहिलेच झाले आहे.

पुढची आशियाई स्पर्धा सप्टेंबर २०२६ मध्ये जपानमधल्या आइची-नागोया इथे आहे. तिथल्या पदकांसाठी बक्षिसे जाहीर होतील, व्हायलाही हवीत. पण २०३० मध्ये दोह्याला जी स्पर्धा होईल, तीत भारताकडून खेळू शकतील अशा महाराष्ट्रातल्या मुली आज पंधरा-सोळा वर्षांच्या आहेत आणि त्यांचा तोट्याचा काळ दोन-तीन वर्षांत सुरू होणार आहे. क्रीडा खात्याने त्यांच्यातल्या दहा जणींच्या चार वर्षांच्या प्रवासखर्चाची तरतूद येत्या अर्थसंकल्पातच करावी.